डायपर ते चड्डी : घरच्या प्रकल्पाच्या नोंदी (एप्रिल ते जून २०२५)

३ एप्रिल, गुरुवार

काल शाळेत पालकांची मीटिंग झाली. धाकटा जूनपासून नर्सरीत. ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण होणार असतील तर घेतात आणि हा नोव्हेंबरचा, म्हणजे नियमात बसतो पण वर्गात सगळ्यात लहान बहुतेक हाच असणार. बाईंनी फी सांगितली, गणवेश सांगितला, डब्यात काय द्यायचं नाही ते सांगितलं आणि सगळे उठायला लागल्यावर म्हणाल्या, आणि हो, डायपर घालून पाठवायचं नाही हं. जसं काही रुमालाला पिन लावा म्हणताहेत. शेजारी बसलेल्या आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं, दोघींचाही चेहरा पडलेला.

आज रात्री दोघं झोपल्यावर जुनी डायरी काढली. इथे नाशिकमध्येच अंबडच्या कंपनीत अकाउंट्सला होते तेव्हाची आहे, अर्धी कोरी. धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली तेव्हापासून ह्यात फक्त दूध आणि गॅसच्या तारखा. आता हा प्रकल्प लिहायचा. शाळा १६ जूनला उघडणार, म्हणजे हातात दहा आठवडे आणि थोडे दिवस.

ओपनिंग बॅलन्स असा. वय २ वर्षं ५ महिने. दिवसाला ४ ते ५ डायपर, एक साधारण ११ रुपयांना पडतं, म्हणजे महिन्याला दीड हजाराच्या आसपास. पेपरात गुंडाळून वेगळं द्यायचं तर घंटागाडीवाला दादा रोज आमची पिशवी उचलून वजन केल्यासारखी बघतो.

आणि अनुभव? शून्य. दोन मुलांची आई आहे पण मोठी पाळणाघरात शिकली. मी संध्याकाळी आणायला गेले तर तिथल्या मावशी म्हणाल्या, ही सांगते बरं का आता, डायपर नका लावत जाऊ. बस, एवढंच. मी पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं होतं की आमची किती पटकन शिकली. कोणी फरशी पुसली असेल ते तेव्हा डोक्यातच आलं नाही.

७ एप्रिल, सोमवार. पहिला दिवस

खरेदी : सुती चड्ड्या ९, कमोडवर ठेवायची छोटी सीट १ (बदकाचं तोंड असलेली), पाय ठेवायला प्लॅस्टिकचा स्टूल १, फिनेल मोठी बाटली. जुन्या ओढण्या आणि नवऱ्याचे बनियन फाडून फडकी केली, १४ झाली. गादीवर रबरी शीट.

मुहूर्त मात्र चुकला. कामवाल्या मावशी काल रामनवमी झाल्या झाल्या वणीच्या गडावर गेल्या. त्यांच्या गावाकडची माणसं खानदेशातून चालत येतात चैत्रोत्सवाला, त्यांना ह्या वाटेत गाठतात आणि पुढे सगळे मिळून सप्तशृंगीला. पौर्णिमा करूनच येणार. मला हे दरवर्षी माहीत असतं आणि दरवर्षी मी विसरते.

सकाळी ८ ला डायपर काढलं, पिवळी चड्डी घातली. तो दहा मिनिटं स्वतःच्या पोटाकडे बघत उभा राहिला. मग हॉलमध्ये पहिली. त्याने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम मजेत म्हणाला, "पाणी!"

दिवसाचा हिशोब : फरशीवर ११, बदकावर ०. दुपारच्या झोपेत १ (शीटवर, पण उशी पण गेली). बदकावर बसवलं की शहाण्यासारखा बसतो, पाच मिनिटं गाणी म्हणतो, उतरतो, बाथरूमच्या दारात येतो आणि तिथे करतो. पाच वेळा हेच. उंबरठा ओलांडल्याशिवाय होतच नाही त्याला.

चड्ड्या ९ पुरल्या नाहीत, संध्याकाळी मोठीची जुनी लेस लावलेली घातली. ती भडकली. तिला ती चड्डी गेली दोन वर्षं येत नाहीये.

८ एप्रिल

फरशीवर ९. बदकावर ०. कंबर.

१० एप्रिल, गुरुवार

नवऱ्याची ह्या आठवड्यात नाईट आहे. तो सकाळी साडेसातला येतो, चहा-पोहे घेऊन झोपतो, आणि आम्ही तिघं दुपारी दोनपर्यंत हॉलमध्ये चोरासारखे वावरतो. कुकर त्याच्या झोपेच्या आधी लावून घ्यायचा, मिक्सर नाही, मोठीला सुट्टी लागायची आहे अजून पण तिची सीनिअर केजी सकाळचीच, साडेअकराला सुटते. अशात धाकट्याला पळत पळत बाथरूमला न्यायचं म्हणजे आवाज होणारच. आज तो पळताना स्वतःच्याच केलेल्यात घसरला आणि आडवा झाला. लागलं नाही पण जो भोंगा काढला तो थेट सातपूरला ऐकू गेला असेल. नवरा डोळे चोळत बाहेर आला, फरशीकडे बघून काही न बोलता फडकं घेतलं, पुसलं आणि परत जाऊन झोपला. पुसलं ते हॉल पुसायच्या फडक्याने नाही, ओट्याच्या फडक्याने. मी ते बादलीत टाकलं आणि त्याला सांगितलं नाही. माणूस बारा तास उभा राहून आलाय.

आजपासून मोबाईलवर ४० मिनिटांचा गजर. वाजला की उचलायचं आणि नेऊन बसवायचं, खेळ चालू असो नाहीतर जेवण.

फरशीवर ६, बदकावर २! पहिल्यांदा. मोठीने टाळ्या वाजवल्या तर तो घाबरून अर्ध्यातच थांबला.

१४ एप्रिल, सोमवार

मावशी आल्या. गडाचा प्रसाद, हिरव्या बांगड्या. फडक्यांची बादली बघून त्यांना सगळं कळलं. भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, बोलू नका त्याला. पोरगं ह्यापायी बोललं ना की धरून ठेवतं, मग लई त्रास." मी म्हटलं नाही हो बोलत. आणि लगेच आठवलं की काल रात्री आठव्या चड्डीला मी ओरडले होते. चांगलीच ओरडले होते. सोफ्यावर केली होती, सोफा धुता येत नाही आणि मला दुपारपासून जेवायला मिळालं नव्हतं. तो ओरडण्याने रडला नाही, नुसता सोफ्याच्या मागे जाऊन बसला. लिहून ठेवते कारण डायरीत खोटं लिहायचं तर मग लिहायचं कशाला.

१८ एप्रिल, शुक्रवार

गजर चालू आहे. फरशीवर ३, बदकावर ५, गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत १. शेवटची त्याने स्वतःहून, चड्डी स्वतः खाली करून, नेम धरून केली. मला हसावं की काय कळेना. ह्याला यश धरायचं का? अकाउंट्सच्या भाषेत ही चुकीच्या खात्यावर पडलेली एंट्री आहे, पण एंट्री आहे. कढीपत्ता आठवडाभर तोडायचा नाही.

मोठीच्या पहिलीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा असा सरकारचा निर्णय आला, कोणी म्हणतं बरं झालं, कोणी म्हणतं अजून मराठीत अनुस्वार कुठे द्यायचा ते येत नाही पोरांना. १८० मेसेज. मी वाचायला बसले आणि ४० मिनिटांचा गजर कधी वाजला, कधी बंद केला ते कळलंच नाही. फरशीवरच्या तीनपैकी एक त्या ग्रुपच्या नावावर.

२६ एप्रिल, शनिवार

मावशी म्हणाल्या तेच झालं. शू रुळावर येतेय पण शी बंद. बुधवारपासून नाही. पडद्यामागे जातो, पाय एकमेकांवर दाबतो, चवड्यांवर उभा राहतो, लालबुंद होतो. मला वाटलं जोर लावतोय. म्हणून मी तिथेच उचलून बदकावर नेत होते आणि तो किंचाळत होता. काल संध्याकाळी पोट टम्म, जेवण बंद, आज सकाळी डॉक्टर.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, दूध किती पितो? मी अभिमानाने सांगितलं की पाऊण लिटर तरी. मला वाटलं शाबासकी मिळेल. तर म्हणाले निम्मं करा. ह्या वयाला दिवसभरात ४००-५०० मिलीच्या वर दूध गेलं की पोट भरतं, मग भाजी-पोळी कोण खातो, शी कडक होते, एकदा दुखतं, दुखलं म्हणून मूल धरून ठेवतं, धरलं की अजून कडक. ते पाय आवळणं जोर लावणं नाहीये, ते बाहेर येऊ नये म्हणून अडवणं आहे. मी इतके दिवस बरोबर उलटं समजत होते.

औषध दिलं, मऊ करायचं. ते आपल्या मनाने चार दिवसांत बंद करायचं नाही असं दोनदा सांगितलं. आणि म्हणाले, शीसाठी त्याने डायपर मागितलं तर खुशाल द्या, आधी न दुखता होऊ द्या, जागा कुठली ते नंतर बघू. कमोडवर बसवाल तेव्हा पाय लोंबकळू देऊ नका, स्टूल असा ठेवा की गुडघे कमरेच्या वर येतील, उकिडवं बसल्यासारखे.

म्हणजे प्रकल्प दोन भागांत. भाग अ : शू, चालू. भाग ब : शी, स्थगित.

घरी येऊन डायपर लावलं. तो पडद्यामागे गेला. रात्री नऊला झाली, रडला, पण झाली. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, तो लाईनवर मशीनच्या आवाजात ओरडून विचारतोय, "काय झालं? काय झालं?" आणि मी किचनमधून ओरडतेय, "शी झालीऽ!" समोरच्या काकूंनी दार उघडून बघितलं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)

सासूबाई कालच निफाडकडून आल्या, येताना शेतातली मेथी, कैऱ्या आणि अर्धा किलो काळ्या मनुका. घागर पुजली, पुरणपोळी, आमरस. धाकट्याने दोन वाट्या रस प्यायला, त्यात पाणी घातलं असतं तरी इतक्या चड्ड्या गेल्या नसत्या. आज मोजणार नाही. सणाची सुट्टी.

२ मे, शुक्रवार

सासूबाईंना बदक बघून आधी हसू आलं आणि मग रागच आला. "एवढ्याशा पोराला एवढ्या उंच विहिरीवर बसवता व्हय!" त्यांच्या हिशोबाने हा सगळा घोळच उशिराचा आहे. त्यांच्या वेळी तान्ह्या पोराला मान धरली की पायावर बसवायचे. म्हणजे आपण खाली बसायचं, पाय पुढे करून पावलं जवळ घ्यायची, त्या दोन पावलांवर बाळ, त्याची पाठ आपल्या नडग्यांना, आणि तोंडाने बारीक शूऽऽऽ करत राहायचं. सकाळी उठल्यावर, दूध पाजल्यावर, आंघोळीआधी. वर्षाचं होईपर्यंत पोराला आवाज ऐकला की कळतं. माझा नवरा म्हणे दीड वर्षाचा असताना स्वतः मोरीत जायचा. (तो आता ओला टॉवेल गादीवर टाकतो, पण ते असो.)

मी आधी मनात म्हटलं की झालं, आता रोज ऐकावं लागणार. पण खरं सांगायचं तर त्यांनी नुसतं ऐकवलं नाही. रात्री मूठभर मनुका भिजत घातल्या, सकाळी कुस्करून ते पाणी त्याला वाटीने दिलं. आणि आज सकाळी मोरीत पाटावर बसून, साडी वर खोचून, अडीच वर्षांच्या घोड्याला पायावर घेतलं. मी म्हणत होते, आई, गुडघा दुखेल तुमचा. त्यांनी ऐकलं नाही. तो त्यांच्या गुडघ्यांना टेकून मागे वळून वळून त्यांचं तोंड बघत होता आणि त्या शूऽऽऽ करत त्याला गाईची, वासराची, विहिरीवरच्या मोटारीची गोष्ट सांगत होत्या.

झाली. डायपरशिवाय. रडला नाही.

मी दारात उभी होते, मला एकदम रडायला आलं म्हणून ओट्याकडे गेले. औषधाने झाली, मनुकांनी झाली की आजीच्या पायांनी, ह्यावर संध्याकाळी नवऱ्याने चर्चा काढली. मी म्हटलं तिन्ही चालू ठेवू, कशालाही हात लावू नकोस. उकिडवं बसणं मात्र डॉक्टरांनी सांगितलं तेच झालं, फक्त स्टूलच्या जागी आजी.

४ मे, रविवार. गच्चीवरचा प्रकार

कुरडया. गहू सासूबाईंनी आल्या आल्याच भिजत घातले होते, तीन दिवस रोज पाणी बदलून, काल रात्री वाटून चीक काढून ठेवला. पहाटे पाचला मोठ्या पातेल्यात शिजवला, माझा एक हात पातेल्यात आणि एक कान बेडरूमकडे. सहाला गच्चीवर दोन धुतलेल्या साड्या अंथरल्या, सोऱ्या घेऊन सासूबाई, मी आणि समोरच्या काकू. मोठी उठून आली, तिला वाटीत गरम चीक दूध-साखर घालून दिला. धाकटा पण आला. नुसता शर्टवर.

मला दिसत होतं तो साडीच्या कडेला उभा आहे. मला हे पण दिसलं की तो पाय हलवतोय. पण सोऱ्यात चीक गरम असेपर्यंतच जातो, गार झाला की दाबता दाबता हात तुटतात, म्हणून म्हटलं एवढा एक घाणा.

काकू किंचाळल्या. धार साडीपासून एका वितीवर पडली. गच्चीचा उतार, देवाच्या कृपेने, दुसरीकडे होता. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत, म्हणाल्या, "कुरडईला नाय लागली ना? मग झालं." मोठीने बादलीभर पाणी ओतलं. काकूंनी तरीही त्या कडेच्या सहा कुरडया वेगळ्या काढून ठेवल्या आणि "त्या तुमच्याकडंच राहू द्या" म्हणाल्या.

दुपारनंतर ढग आले. सगळ्या कुरडया अर्धवट वाळलेल्या उचलून आणल्या, हॉलमध्ये पंख्याखाली. बसायला जागा नाही. बदकाकडे जायची वाट कुरडयांतून.

१४ मे, बुधवार

दहा दिवस लिहायला झालं नाही. आकडे चांगले होते, रोज फरशीवर एक किंवा शून्य. भाग ब पण बरा, एक दिवसाआड, आजीच्या पायावर नाहीतर बदकावर. मी मनातल्या मनात प्रकल्प बंद करून टाकला होता.

आज मोबाईल चार्जिंगला लावला आणि बटणच चालू केलं नव्हतं. बंद पडला. गजर नाही. मी आणि सासूबाई कपाट आवरत होतो, साडेतीन तास गेले. फरशीवर ४.

चौथी पुसताना कळलं. हा काहीच शिकलेला नाहीये. तो एकदाही म्हणाला नाही की मला लागलीये. गजर वाजतो, मी उठते, मी त्याला उचलते, मी चड्डी काढते, तो करतो. ह्या सगळ्यात कळ कोणाला येते? घड्याळाला. महिनाभर मी जे बदकाच्या रकान्यात लिहितेय ते सगळे आकडे माझे आहेत, त्याचे नाहीत. शाळेत २० मुलांमागे दोन बाया, तिथे ४० मिनिटांचा गजर कोण लावणार. तिथे त्याला स्वतः म्हणावं लागेल, आणि त्यासाठी आधी भरल्यासारखं वाटायला हवं, आणि ते वाटायला मी त्याला भरूच देत नाही.

कंपनीत असताना ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा आणि नावे दोन्हीकडची बेरीज, जुळला की मी खूश व्हायचे, तेव्हा आमचे साहेब म्हणायचे की दोन्हीकडे सारखी चूक असली तरी जुळतो. आज आठवलं.

उद्यापासून नवीन रकाना : "स्वतः सांगितलं". गजर बंद. विचारणं पण बंद. शू आली का, शू आली का, हे घरात सगळे मिळून दिवसाला शंभर वेळा विचारतो, अगदी मोठी सुद्धा आईसारखा कमरेवर हात ठेवून. तो सगळ्यांना "नाही" म्हणतो आणि करतो.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, फरशी कोण पुसणार? मी म्हटलं मीच.

१५ मे : फरशी ८, स्वतः ०.
१६ मे : फरशी ७, स्वतः ०. मोठी झोपेत पण "शू आली का" बडबडली.

१७ मे, शनिवार

माहेरी, संगमनेरला, दोन रात्री. एसटीने. माझं अर्धं, मोठीचं अर्धं, धाकट्याचं फुकट, म्हणजे तिघांचं मिळून एकच तिकीट. नवरा म्हणत होता प्रवासापुरतं डायपर लाव. मी तत्त्वाची, नाही लावलं. पिशवीत ५ चड्ड्या, दोन फडकी, एक रिकामी बाटली.

सिन्नर स्टँडला उतरवलं, केली नाही. सिन्नर सोडून पंधरा मिनिटं झाली आणि तो मांडीवर एकदम गप्प झाला. तो गप्प झाला की काय ते आता मला कळतं. बाटली काढेपर्यंत अर्धी बाटलीत, अर्धी माझ्या ड्रेसवर. शेजारच्या आजी खिडकीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, लेकराचं पाणी गंगेचं पाणी. आजींचं लुगडं कोरडं होतं म्हणून म्हणाल्या, मला माहितीये. परतीला डायपर लावलं. तत्त्व संगमनेरलाच राहिलं.

२३ मे, शुक्रवार

फरशी ५, स्वतः १. एकदाच, आणि तेही करून झाल्यावर. "आई, शू झाली." पण सांगितलं! आधी तो "पाणी" म्हणायचा. आता त्याला ती आपली आहे हे कळलंय. रकान्यात अर्धा मार्क दिला.

२७ मे, मंगळवार

पाऊस. मे महिनाभर आज-उद्या करत पडतच होता, शनिवारी केरळात मान्सून आला म्हणाले आणि काल मुंबईत दाखल सुद्धा. एरवी जूनच्या दहा-अकराला येणारा हा. इकडे पाऊस थांबायचं नाव नाही. उन्हाळा गाठून प्रकल्प करायचा सगळ्यांचा सल्ला होता, कारण कपडे वाळतात. चड्ड्या १७ (नंतर ८ घेतल्या), त्यातल्या आज कोरड्या ३. पंख्याखाली, फ्रीजच्या मागे, खुर्च्यांच्या पाठीवर, सगळीकडे चड्ड्या. इस्त्रीने वाळवल्या तर तो वास घरभर.

सासूबाई सकाळीच गावी गेल्या. कांदा काढलेला आहे, थोडा कांदाचाळीत भरला होता, बाकी शेतात पोळ (ढीग) घालून वर कागद टाकलेला, त्यात पाणी शिरलं. सासऱ्यांचा फोन आला तेव्हा त्या ओट्याशी मनुका कुस्करत होत्या, फोन ठेवला आणि मनुका कुस्करत राहिल्या, मग म्हणाल्या, "बस कितीला हाय?" नवरा सुट्टी टाकून सोबत गेला. जाताना धाकट्याला म्हणाल्या, आईला सांगत जा रे. मी आज चड्ड्यांचं रडगाणं लिहायला बसले होते, ते लिहून झालंय वर, खोडत नाही.

२ जून, सोमवार

कांदा निम्मा गेला. नवरा दोन दिवस थांबून सडका वेगळा करून आला, हातांचा वास अजून जात नाहीये.

फरशी २, स्वतः ३. तीनही वेळा बरोब्बर माझे हात कणकेत असताना. मला वाटतं ह्याला माझे हात कणकेत दिसले की लागते. पण सांगतो! "आई शूऽऽ", आजीने शिकवलेला तोच आवाज काढून. त्या आवाजासाठी मी कणकेच्या हाताने त्याला उचलून नेलं, चड्डीला पीठ, दाराला पीठ, बदकाच्या चोचीला पीठ.

मोठीचं एक वेगळंच. गेले चार दिवस ती पण "आई, शू आली, चल ना" म्हणून मला बोलावते. पावणेसहा वर्षांची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, वेडी का, जा की तुझी तू. तिने ओठ बाहेर काढले. मग लक्षात आलं की दोन महिने ह्या घरात ज्याने शू केली त्याचं कौतुक, आणि ती बिचारी रोज सहा वेळा बरोबर जागी करते तर कोणी बघत पण नाही. आता जाते तिच्याबरोबर. दारात उभी राहते, टाळ्या वाजवते. ती म्हणते, "एवढ्या जोरात नको."

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

वडाला जाताना दोघांना घेऊन गेले, तास गेला, कोरडा आला. फरशी ०, स्वतः ५. रात्रीचं डायपर चालूच आहे आणि चालूच ठेवणार. डॉक्टरांना विचारलं होतं, म्हणाले रात्रीचं शिकवून होत नाही, ते आपोआप येतं, पाच वर्षांपर्यंत रात्री ओलं होत असेल तरी काळजी करायची नाही. काकूंच्या पुतणीचा मुलगा म्हणे सव्वा वर्षाचा असताना रात्रीसुद्धा कोरडा. असेल.

१५ जून, रविवार

दोन दप्तरं. दोन डबे, दोन बाटल्या. धाकट्याच्या दप्तरात २ चड्ड्या, १ पँट, ओल्या कपड्यांसाठी १ प्लॅस्टिकची पिशवी, सगळ्यांवर बॉलपेनने नाव. बाईंना सांगायचं : हा "शूऽऽ" असा आवाज काढतो, शब्द पुरा म्हणत नाही. नवऱ्याने विचारलं, हे चिठ्ठीवर लिहून देऊ का? तो आवाज लिहायचा कसा, ह्यावर आम्ही पाच मिनिटं घालवली.

१६ जून, सोमवार

मोठी गेली, मागे वळून पण बघितलं नाही. धाकटा गेटवर रडला, मग आत गेला, मग आतून रडल्याचा आवाज आला, मग नाही आला. सव्वादोन तास. मी घरी येऊन फरशीकडे बघत बसले, पुसायला काही नव्हतं तरी एकदा पुसली.

साडेअकराला आणायला गेले. चड्डी सकाळचीच, निळी, कोरडी. बाई म्हणाल्या एकदा आवाज काढला त्याने, मला कळलंच नाही आधी, मग त्याने माझं बोट धरून नेलं. दप्तर उघडलं तर पिवळी चड्डी गायब. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, ती दुसऱ्या एकाला घातली, त्याच्या आईने जादाची दिलीच नव्हती, चालेल ना?

फरशी ०. स्वतः ४ (पैकी शाळेत १). रात्रीची डायपर शिल्लक ६. पिवळी चड्डी १, उसनी दिली, येणे बाकी.